अर्ध्यावर सुटलेला अंगठा

ठमीला खोटं बोलता येत नाही, असं घरात सगळे म्हणत. खरं होतं ते. पण गप्प बसता येत होतं की! आणि गप्प बसण्याला कुणी खोटं म्हणत नाही, हे तिला गेल्या आठ दिवसांत चांगलंच उमगलं होतं.

तिचं कागदोपत्री नाव वेगळं, चांगलं लांबलचक. पण लहानपणी ती गाल फुगवून बसायची म्हणून अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ठमी म्हटलं आणि पस्तिशी आली तरी ते काही सुटलं नाही. एका कंपनीत ती मोबाईलवरची ॲप कशी दिसावीत, कुठलं बटण कुठं असावं, ते ठरवायची. वर्षभर एकाच ॲपचं काम चाललं होतं. औषधाची वेळ झाली की फोन घंटा वाजवणार, गोळीचं चित्र दाखवणार. गोळी घेतली की आपण त्याला तसं सांगायचं. रक्तदाब, साखर, झोप, सगळ्याची नोंद तिथंच.

आता ‘घेतली’ हे सांगायचं कसं, ती ठमीची करामत. साधं बटण तिला मिळमिळीत वाटलं, शिवाय ते खिशातल्या खिशात चुकून दाबलं जातं. म्हणून तिनं पडद्यावर एक चकती काढली. बोटानं डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची, टोकाला पोचली की हिरवीगार होते. इतकं देखणं झालं होतं ते की साहेबांनी टेबलावर थाप मारली. चकती सरकवली नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा घंटा, आणखी दहा मिनिटांनी पुन्हा.

“म्हाताऱ्यांची बोटं कोरडी असतात,” गुरुजी म्हणाले होते. गुरुजी म्हणजे शिक्षक नव्हेत, ॲपचा कोड लिहिणारे. येता-जाता सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून ऑफिसनं दिलेली पदवी. “चकती अर्ध्यावर सुटेल. मग गोळी घेऊनसुद्धा घंटा वाजत राहील. त्यांनी परत घेतली तर?”

“गुरुजी, माणसं काय इतकी खुळी असतात का?” ठमी म्हणाली होती. सगळे हसले. गुरुजीही हसले आणि विषय संपला.

आणि ते ॲप तिनं पहिल्यांदा घातलं कुणाच्या फोनमध्ये? स्वतःच्या बापाच्या!

अण्णा शाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं तासांचे टोल दिले त्यांनी. पोरं वर्गातून बाहेर पडायची ती त्यांच्या घंटेवर, आणि मास्तर चहा प्यायचे तेही त्यांच्याच घंटेवर. एकदा मात्र घात झाला. परीक्षेच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ पुढं गेलं होतं आणि अण्णांनी शेवटची घंटा दहा मिनिटं आधीच दिली. ध्यानात आल्याबरोबर हातातली हातोडी टाकून ते हेडसरांकडे धावले. “पेपर गोळा करू नका, चूक माझी आहे.” सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली, पण पोरांना दहा मिनिटं परत मिळाली. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की शेवट आला की ठमी आणि तिचा भाऊ, दादा, अण्णांच्या आधीच ओरडायचे, “पळत गेलो, चालत नाही!”

बायको गेल्यापासून अण्णा दोन खोल्यांत एकटे राहत. स्वतःचा चहा स्वतः करायचे, शर्टाला इस्त्री स्वतः करायचे, आणि कुणी मदत करतो म्हटलं की त्यांना राग यायचा. ॲप घातल्याच्या तिसऱ्या सकाळी ते न्हाणीत चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या आणि कपाळावर हात मारला.

“एका सकाळी रक्तदाबाच्या तीन-तीन गोळ्या? कमाल करता हो तुम्ही!”

“चुकलं, बाई,” अण्णा म्हणाले. “वय झालं आता.”

ठमी पलंगाशेजारी उभी होती. संध्याकाळी ऑफिसात जाऊन तिनं संगणकावर अण्णांच्या फोनकडून आलेली नोंद उघडली. त्या सकाळी अंगठा चकतीला अकरा वेळा लागला होता. अकराही वेळा अर्ध्यावर सुटला होता. ॲप पुन्हा पुन्हा म्हणत होतं की गोळी घेतलेली नाही, गोळी घ्या. तिनं ती खिडकी बंद केली. दोन खुर्च्या पलीकडे गुरुजी डबा पुसत बसले होते. त्यांना हाक मारायला किती वेळ लागला असता? पण पुढच्या सोमवारी ॲप लोकांसाठी खुलं होणार होतं, साहेब तिला मोठी जागा देणार होते, आणि ते “इतकी खुळी” अजून सगळ्यांच्या लक्षात होतं. ती घरी गेली.

इकडे दादानं परस्पर ठरवून टाकलं की अण्णांचं डोकं आता चालत नाही. खोल्या सोडायच्या आणि रविवारी टेम्पो आणून त्यांना आपल्याकडे न्यायचं. “उद्या गॅस चालू ठेवून झोपले म्हणजे?” तो म्हणाला. ठमीनं मान हलवली. मेलं, मान हलवायला काय लागतं!

अण्णांनी वाद घातला नाही, हेच वाईट. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता ते पाच वेळा उठून गॅस बघायचे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढायचे. खिशात चिठ्ठ्या ठेवायला लागले: चहा प्यायलो, दूधवाला येऊन गेला. त्यातली एक ठमीला मेजावर सापडली. तिच्यावर लिहिलं होतं, ठमीचा वाढदिवस, आणि पुढं तारीख. ती चिठ्ठी तिनं होती तिथंच ठेवून दिली.

रविवारी ती सामान बांधायला आली, तर अण्णा फोन पुढ्यात घेऊन बसलेले. अंगठा जिभेला लावायचा, चकतीवर ठेवायचा, सरकवायचा. चकती निम्म्यात यायची आणि टुणकन मागं जायची.

“ठेवा ना तो फोन, अण्णा.”

“जमलं पाहिजे गं. तू केलेलं आहेस.” त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला. “त्या दिवशी मला वाटत होतं, आपण गोळी घेतली. पाण्याचा पेलासुद्धा ओला होता. पण हे म्हणालं, नाही घेतली. म्हटलं, आपली ठमी चुकायची नाही, मीच विसरलो असणार. म्हणून परत घेतली. मग आणखी एकदा.” ते ओशाळं हसले. “बघ ना, आता स्वतःवर भरवसा उरला नाही.”

ठमीच्या हातात कपबशांचं खोकं होतं. ते तिनं खाली ठेवलं. तिला रडू फुटलं आणि रडता रडताच तिनं सगळं सांगितलं. चकती, कोरडा अंगठा, गुरुजींनी आधीच दिलेली सूचना, आपलं ते मस्तवाल उत्तर, अकरा वेळांची नोंद. काही म्हणता काही ठेवलं नाही.

अण्णांनी फोन बाजूला ठेवला.

“म्हणजे मी गोळी घेतली होती?”

“हो.”

“आणि मला आठवत होतं, ते बरोबर होतं?”

“हो, अण्णा. तुमचं काही चुकलं नाही.”

“म्हणजे डोकं ठीक आहे माझं!” त्यांनी टाक्यांवरून हात फिरवला आणि ते हसले, कितीतरी दिवसांनी मनापासून. ठमीला वाटलं, सुटले. तेवढ्यात त्यांचं हसू थांबलं.

“तुला कधी कळलं हे?”

“त्याच दिवशी. संध्याकाळी.”

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. पाठोपाठ जिन्यावर दादाची पावलं ऐकू आली.

“आठ दिवस,” अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता त्यांचा. “मी पळत गेलो होतो, ठमे.”

दादा दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. “झालं का बांधून?” ठमीनं नाक पुसलं. “दोरी खाली ठेव, दादा. अण्णा कुठंही जात नाहीयेत. बस, तुला सांगते. आणि मग मला गुरुजींना फोन करायचाय, आत्ता, उद्या ते ॲप लोकांच्या हातात पडायच्या आत.”

ती बोलत होती तोवर अण्णांनी खोकं उघडलं. एकेक कप काढून, फडक्यानं पुसून, ते फळीवर होता त्या जागी ठेवायला लागले. तिच्याकडं त्यांनी वळून पाहिलं नाही.