डब्याचं दूध

तैवानमधल्या ताइचुंगहून परत येताना मी एक खोड घेऊन आले. हातात कुठलंही पाकीट आलं की आधी ते उलटं करायचं आणि मागचं बारीक छापलेलं वाचायचं. तिथे मी ज्या म्हाताऱ्याला सांभाळायचे त्याला सगळे आगोंग म्हणत, म्हणजे आजोबा. त्याला मधुमेह. त्याची मुलगी शाळेत शिक्षिका होती. तिने पहिल्याच दिवशी मला त्यांच्या लिपीतली दोन अक्षरं शिकवली, एक साखरेचं आणि एक मिठाचं. म्हणाली, या दोन अक्षरांशेजारचा आकडा बघितल्याशिवाय बाबांच्या तोंडात काही जाता कामा नये. मी बघायचे. खारट लागणाऱ्या ब्रेडमध्ये साखर असते आणि गोड बिस्किटात मीठ, हे मला तिथे कळलं. तीन वर्षांत आगोंगची साखर कधी हाताबाहेर गेली नाही. त्याची मुलगी अख्ख्या इमारतीत माझं कौतुक करत फिरायची.

इकडे मायदेशी, पोनोरोगोजवळच्या आमच्या गावात या खोडीचा काही उपयोग नव्हता. पण हात ऐकत नव्हते. आईच्या स्वयंपाकघरात मी एकेक वस्तू उचलायचे, उलटी करायचे.

"ठेव गं ती बाटली खाली," आई म्हणायची. "विमानतळावरच्या कस्टमवाल्यासारखी काय झडती घेतेस?"

"माक, या सोया सॉसमध्ये सोयाबीनपेक्षा साखर जास्त आहे."

"मग? गोड लागतो म्हणूनच आणते ना."

"आंब्याच्या सरबतात आंबा नाहीये. नुसता वास आहे."

"वास तरी आहे ना."

"आणि या कोळंबीच्या पापडात कोळंबी अगदी शेवटी, रंगाच्या आधी."

"बरंच झालं. कोळंबीने मला खाज सुटते," आई म्हणाली आणि पापड तळायला घेतले.

आम्ही दोघी हसलो. असं हसणं व्हायचं. बाकी मला फारसं काही वाटत नव्हतं. परत आल्यावर बायका रडतात, माती कपाळाला लावतात, असं मी विमानात ऐकलं होतं. मी आले, चपला काढल्या, पाय धुतले.

माझी लेक शफीरा चार वर्षांची व्हायला आली होती. मी गेले तेव्हा आठ महिन्यांची होती. तिचा बाप कालिमंतानला पामच्या मळ्यात कामाला गेला तो तिकडचाच झाला, म्हणून तर मला जावं लागलं. आई तिला माझ्यापुढे ढकलून म्हणायची, "न्दुक, ही बघ तुझी इबू." न्दुक म्हणजे पोरी, इबू म्हणजे आई. शफीरा मान डोलवायची. शहाणी, ऐकणारी पोर. मग थोड्या वेळाने मला म्हणायची, "बुलिक, जरा सरक ना." बुलिक म्हणजे मावशी. गल्लीतल्या सगळ्या बायकांना ती बुलिकच म्हणते. मी सरकायचे.

माझी सुट्टी एका महिन्याची. महिनाअखेरीला परत आगोंगकडे जायचं होतं. एजंटने तिकीट काढून ठेवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात गावच्या चावडीत लहान मुलांची वजनं घेण्याचा दिवस होता. मी शफीराला घेऊन गेले, आई बरोबर आली. बू येक्ती म्हणून नर्स आहे, माझ्याच वेळेस शाळेत होती. तिने शफीराला काट्यावर उभं केलं, मग भिंतीला लावून उंची मोजली, आणि परत मोजली.

"वजन आहे गं, उंची नाही," ती मला म्हणाली. "तोंड उघड बघू, न्दुक."

शफीराने तोंड उघडलं. पुढचे दात काळे, झिजून हिरडीला टेकलेले. मला वाटलं होतं ती चॉकलेट खाते म्हणून तसे दिसतात.

"जेवते का?" बू येक्तीने विचारलं.

"दूध पिते," आई पुढे होऊन म्हणाली. "रोज चार पेले. भाताला हात लावत नाही, पण दुधात कधी खंड नाही पडू दिला मी. गल्लीत कोणाच्या पोराला मिळत नाही एवढं."

"दूध चांगलंच. पण एवढं दूध पिते तर उंची का अडली, कळत नाही बाई." मागे रांग होती. तिने मला बाजूला घेतलं. "वाती, पाचव्या वर्षाच्या आत जी वाढ व्हायची ती होते. राहिली तर मागाहून नाही भरून निघत. डोक्याचंही तसंच. तू जायच्या आत तिला जेवायला लाव. दातांसाठी पोनोरोगोला ने, पुढचे चार काढावे लागतील."

घरी आलो. दुपारची वेळ झाली होती. आईने फडताळातून डबा काढला, गरम पाण्यात चमचे घालून ढवळायला लागली. मी तिच्या पुढ्यातला उघडा डबा उचलला आणि फिरवून बघितला.

हा डबा मी लहानपणापासून बघत आले. समोर हिरवं कुरण, त्यात गाय, आणि काचेचा पांढराशुभ्र भरलेला पेला. गावात कोणालाही विचारा हे काय, तर म्हणेल डब्याचं दूध. मी आधी पुढची बाजू नीट वाचली. दूध हा शब्द पुढच्या बाजूला कुठेच नव्हता. कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, गोड घट्ट क्रीमर. मग मागची बाजू. साखर. पाणी. पामतेल. त्यानंतर दुधाची पावडर. खालच्या चौकटीत एका वेळचं माप म्हणजे दोन चमचे, त्यात वीस ग्रॅम साखर, एक ग्रॅम प्रथिनं. आई चार चमचे घालत होती. आगोंगला दिवसभरात जेवढी साखर चालायची, तिच्यापेक्षा जास्त त्या एका पेल्यात होती.

सगळ्यात खाली एक सूचना होती. वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. आईच्या दुधाला हा पर्याय नाही.

मी ते दोनदा वाचलं. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मी डबा ओट्यावर ठेवला आणि चित्राची बाजू समोर येईल असा फिरवला.

"माक, हे कधीपासून देतेस?"

"तू गेलीस त्या आठवड्यापासून. अंगावरचं तुटलं, पोर दिवसरात्र किंचाळायची. याने गप्प झाली."

"यात दूध नाहीये."

"वेडी का खुळी तू? मग काय आहे?"

"साखर. पाणी. तेल, पामचं. मग थोडीशी पावडर." शफीराच्या बापाने काढलेलं तेल आणि मी पाठवलेले पैसे, असं माझ्या मनात आलं. म्हणजे आम्ही दोघंही होतो म्हणायचं त्या डब्यात. पण हे मी बोलले नाही.

आईने डबा उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तिला वाचता येतं, पण एवढं बारीक दिसत नाही. तिने पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे काय मग? हा पेला कशाचा?"

"चित्र आहे ते."

"चित्र!" आई म्हणाली. शफीरा दारात उभी राहून पेल्याची वाट बघत होती. "तुला आठवतं का," आई म्हणाली, "तू लहान होतीस तेव्हा ईदला एक डबा यायचा घरात. एकच. पाहुण्यांच्या कॉफीत चमचा चमचा घालायचा. तू उरलेलं चाटायला गेलीस आणि पत्र्याने जीभ कापून घेतलीस. तोंड रक्ताने भरलं तरी डबा सोडेनास. मी तेव्हाच ठरवलं होतं, हिच्या लेकराला रोज मिळेल. आणि तू पैसे पाठवायचीस, तर मी हलका डबा नाही घेतला कधी. हाच. सगळ्यात महागाचा."

"मला माहीत आहे, माक."

"तुला काय माहीत आहे! रोज संध्याकाळी फोनवर तूच विचारायचीस ना, दूध प्यायली का? दाखव पेला. मी फोन बरणीला टेकवून ठेवायचे. ती तुझ्यासमोर घटाघट प्यायची, रिकामा पेला तुला दाखवायची. टाळ्या कोण वाजवायचं? मी?"

टाळ्या मी वाजवायचे. आगोंगची संध्याकाळची साखर मोजून झाली की तो झोपायचा, मग मी फोन लावायचे. पडद्यावर ते पांढरं दिसायचं. दुधासारखंच दिसायचं.

मला आईचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग हातापायांना काम देतो. मी पेला मोरीत ओतला आणि पातेलं घासायला घेतलं. शफीरा रडायला लागली. मी पातेलं घासत राहिले, ते स्वच्छ झालं तरी.

त्या दिवसापासून डबा बंद. मी गावाबाहेरच्या मोठ्या दुकानातून साधं दूध आणलं, खोक्यातलं. घ्यायच्या आधी दुकानात उभी राहून मागची बाजू वाचली. गाईचं दूध, एवढंच लिहिलं होतं. कोमट करून शफीराला दिलं. तिने एक घोट घेतला, तो माझ्या हातावर थुंकला.

"हे दूध नाहीये!"

"हेच दूध आहे, न्दुक."

"खोटं आहे! म्बाह, या बुलिकने खोटं दूध आणलं!" ती आजीला ओरडून म्हणाली.

अंडं उकडलं, ते तिने कुत्र्याला घातलं. टोफूचा तुकडा गालात धरून ठेवला आणि मी वळल्यावर खिडकीतून टाकला. पहिले दोन दिवस रडली, मग रडायची थांबली. नुसती आडवी पडून राहायची, भिंतीकडे तोंड करून. मला पाठ ओळखता यायला लागली तिची. शेजारीण येऊन म्हणाली, "पोरीला उपाशी मारतेस काय गं वाती? तैवानहून हेच शिकून आलीस?" मग आईने पलंगाखाली साठवून ठेवलेले डबे तिच्या नजरेस पडले. "नको असतील तर दे मला, आमच्या नातवाला होतील."

आईने माझ्याकडे बघितलं. "देऊ? सांग ना. कोणाच्या पोराला देऊ?"

डबे तिथेच राहिले.

चौथ्या दिवशी शफीराचे ओठ सुकले. बू येक्ती घरी येऊन गेली. म्हणाली, पाणी पिते तोवर घाबरू नका, पण काहीतरी पोटात जायला हवं, आजच. नाहीतर उद्या सलाइन लावावं लागेल. माझं जाणं आठवड्यावर आलं होतं. आता जर ती डब्यावर परत गेली असती तर माझ्या माघारी कोणी तिला सोडवणार नव्हतं, हे मला कळत होतं. आई म्हातारी, आणि पोर रडली की आईचा जीव तुटतो.

संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. हात पदराला पुसत तिने हळूच विचारलं, "रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"एखाद्या दिवशी हट्टाला पेटली की ती माझ्याकडूनसुद्धा काही घ्यायची नाही. फोनवर तू असलीस की प्यायची. तू मागे जाऊन बस. विहिरीपाशी. तिथून फोन कर."

मी उठले. दूध कोमट करून ठेवलं.

विहिरीच्या मागे शेजाऱ्यांची भिंत आहे, पांढरी, आगोंगच्या घरातल्यासारखी. मी तिला पाठ लावून बसले. गावात कायम डोक्यावर असायचा तो रुमाल काढून मांडीवर ठेवला. तैवानात मी उघड्या डोक्याने काम करायचे, फोनवर ती मला तशीच बघत आली होती. केस मागे घेतले. फोन लावला.

घंटी मला फोनमधूनही ऐकू येत होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही. आईने फोन बरणीला टेकवला. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग शफीराचं तोंड, अगदी जवळ.

"इबू!"

ती उठून बसली होती. तिचा आवाज खिडकीतून आधी यायचा आणि फोनमधून मागाहून. मी फोनचा आवाज बारीक केला.

"इबू, तू कुठे गेली होतीस? किती दिवस फोन नाही केलास."

"काम होतं, न्दुक. दूध प्यायलीस का?"

आईचा हात पेला घेऊन आला. खोक्यातलं साधं दूध होतं, मी स्वतः कोमट करून ठेवलेलं. शफीराने पेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे छान नाहीये."

"पी. सगळं पी. इबू बघतेय."

तिने डोळे घट्ट मिटले आणि प्यायली. मध्ये थांबून अंगभर शहारली, परत पेला तोंडाला लावला. शेवटी रिकामा पेला उलटा करून दाखवला, वरच्या ओठावर पांढरी मिशी. मी टाळ्या वाजवल्या, खिडकीत आवाज जाऊ नये म्हणून हळू.

"आता अंडं," मी म्हटलं. तिने अंडंही खाल्लं. तोंड भरलेलं असताना फोनजवळ आली आणि कुजबुजली, म्हाताऱ्या आजीला ऐकू जाऊ नये अशी.

"इबू, आपल्या घरी एक बुलिक आलीये. ती माझं दूध ओतून देते. माझ्या गादीवर झोपते. तिला जायला सांग ना."

विहिरीच्या कठड्यावर कोंबडी चढली होती. मी तिला हाताने हाकललं.

"सांगते," मी म्हटलं. "जाईल ती. पुढच्या आठवड्यात जाईल."

शफीरा खूश झाली आणि तिने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.