निंबाला टांगलेला फवारा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा फवारा आहे. कपाशीवर मारतात तो नव्हे हं, मी दम्याचा! एक आखूड नळी, मागे रबरी फुगा आणि पोटात औषधाचे थेंब, एवढाच माझा संसार.

अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे मी कामाला होतो. ते मोठे चौकस. काय दळता, काय झोडता, कशाने खोकला उसळतो, सारे खोदून विचारत. रिठदच्या मनकर्णाबाई आल्या तेव्हा त्यांनी पेटती काडी समोर धरली आणि "फुंका" म्हणाले. बाईंना ती विझवता येईना. मग बाईंनी माझा फवारा तोंडात ओढून घेतला. थोड्या वेळाने दुसरी काडी पेटवली, ती एका फुंकरीत विझली आणि बाई खुदकन हसल्या. मला केवढा अभिमान वाटला!

"खळ्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "जावंच लागलं, तर हा हाताशी ठेवा. छाती वाजू लागली की लगेच घ्या, दम चढायची वाट बघू नका."

बाईंनी मला खणाची पिशवी शिवली. गावात माझे कौतुक झाले. मग ज्वारीचे खळे लागले. घरची रास मोजायची, तर घरची लक्ष्मी हवीच. बाई पिशवी कमरेला खोचून निघाल्या, पण त्यांचे मालक जानराव यांनी त्यांना खळ्याच्या कडेलाच अडवले.

"रास पुजून मोजून होईस्तोवर चामड्या-रबराची वहाण आत चालत नाई. हे बी रबरच हाये."

"अहो, दवा हाये थे!"

"मंग निंबाले टांग. कुठं पळून राह्यलं थे?"

जानराव दुष्ट नव्हते हो. बायकोसाठी त्यांनीच अकोल्याची वाट धरली होती. पण रीत ती रीत. मी फांदीला लटकलो.

रास मोजताना कोणी बोलायचे नाही, बोलले की बरकत जाते. मापे पडू लागली, धूळ उठली. बाईंची छाती वाजू लागली. त्यांनी माझ्याकडे हात केला. जानरावांनी डोळ्यांनीच खुणावले, थांब, होतच आले. बाई बोलल्या नाहीत. घराची बरकत त्यांनी ओठांत धरून ठेवली.

त्या खाली बसल्या, तेव्हा जानराव मापटे फेकून धावले, त्यांना उचलून निंबाखाली आणले आणि मला फांदीवरून काढले. "मनकर्णा, घे, ओढ!" ते फुगा दाबत राहिले. पण मित्रांनो, मी औषध उडवतो, श्वास ज्याचा त्यालाच ओढावा लागतो. तेवढे बळ त्या माउलीत उरले नव्हते. ती निंबाखालीच गेली. याचे दुःख माझ्या काचेतून अजून जात नाही.

आता माझा फुगा कडक झाला आहे, पोट कोरडे आहे. तरी दर हंगामात जानराव मला खळ्याच्या मधल्या खांबाला बांधतात. म्हणून सांगतो, ज्याचा श्वास अडतो, त्याचे औषध त्याच्या हातापासून दूर ठेवू नका. कोणत्याही रितीसाठी नको.

आणि रास मोजताना, सारे गप्प असताना, जानराव मध्येच हात थांबवून मोठ्याने विचारतात, "कोणाले दम तं नाई लागून राह्यला?"