दुपारची वीज घालवण्याबाबत

आई शेवटी शिलाई मशीनवर बसली आणि तिनं पायडल मारलं. झालं, शेवट सांगून टाकला. आता असं काही घडलेलंच नाही असं धरून चला, कारण आमच्या घरात सगळे तसंच धरून चाललेत. मी बाबांना हळूच विचारलं, "बघितलंत?" ते म्हणाले, "काय?" आणि भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर काहीही नाही.

तर, आईचा उजवा गुडघा बदलला. आई शिवणकाम करते. जन्मभर पायडल मारून गुडघा झिजला, तरी ऑपरेशनला ती तयार नव्हती. मग एके दिवशी पाय मधेच अडकला आणि एका गिऱ्हाइकाची पँट एका पायाची राहिली. तेव्हा म्हणाली, "करा काय करायची ती चिरफाड. मला पायडल मारता आलं पाहिजे."

ती हॉस्पिटलात असताना मी आणि बाबांनी तिला खूश करायचं ठरवलं. मशीनला मोटर बसवली. पायडलचा चामडी पट्टा काढून बटणांच्या डब्यात टाकला. आता नुसतं पायाचं बोट टेकवलं की मशीन पळत सुटायचं. आई घरी आली तेव्हा बाबांनी मोटरवरचं फडकं एखाद्या पुतळ्याचं अनावरण करावं तसं ओढलं. वॉकर धरून उभ्या असलेल्या आईनं आधी मोटरकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली आणि जाऊन पडली. पडली ती पडलीच.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांना आम्ही वाकवाबाई म्हणायचो, तोंडावर नाही. त्यांनी सांगितलं, "महिनाअखेर गुडघा काटकोनात आला नाही तर सर्जन पुन्हा भूल देतील आणि स्वतः वाकवतील." मला घाम फुटला. बाबांना घाम फुटला. आई म्हणाली, "वाकवू देत." जशी काही शेजाऱ्यांच्या गेटची गोष्ट चालली होती.

दुखत होतं म्हणून ती वाकवत नव्हती, असंही नाही. फारसं दुखत नव्हतं. काहीच फारसं होत नव्हतं. समोर ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर नाही. टीव्ही लावला तर बघायची, बंद केला तरी बघायची.

घरात खरा मान होता गुडघ्याला. जो येईल तो त्याची चौकशी करायचा. त्याला उशी, त्याला बर्फ. आई म्हणजे त्याच्यासोबत आलेली कुणीतरी.

"काय गं ताई, गुडघा काय म्हणतो?" मावशीनं दारातूनच विचारलं.

"बरा आहे तो," आई म्हणाली.

"माझी नणंद बघ, पंधरवड्यात जिने चढायला लागली."

"कुठे गेली चढून?"

आई विनोद करतेय असं वाटून आम्ही हसलो. ती हसली नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

एकदा वाकवाबाईंनी गुडघा सोडून वर पाहिलं. "आणि तुम्हाला कसं वाटतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे बरं वाटतं?"

"काही नाही म्हणजे काही नाही."

"ऑपरेशन कशासाठी करून घेतलंत, आठवतं?"

"पायडल मारायला."

"मग?"

"मग मोटर आली."

बाबांनी मोटरवर परत फडकं टाकलं.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उठलो. आई म्हणाली, "राहू दे. एवढी हौसेनं बसवलीत. चालती वस्तू काढतात का?" चालती वस्तू काढणं आईच्या धर्मात बसत नाही. न चालती झाली तर बघू, असा तिचा एकूण हिशोब. स्वतःला तिनं कुठल्या गटात टाकलं होतं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

वाकवाबाईंनी स्वयंपाकघरात आम्हाला समजावलं, "मोठ्या ऑपरेशननंतर मन असं बसतं कधीकधी. गुडघ्याला दाखवता, तसं त्यालाही दाखवा." दाखवलं. मनाच्या डॉक्टरबाईंनी आईशी बराच वेळ बोलून गोळ्या दिल्या. म्हणाल्या, गुण यायला वेळ लागेल. डब्यात बटण टाकावं तशी आई तोंडात गोळी टाकायची.

बाबा जन्मभर एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. ते म्हणाले, "लिफ्ट अडकली की सारखी बटणं दाबायची नसतात. आतल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि आरडाओरडा करायचा नाही. एवढंच."

मग एका दुपारी वीज गेली. मावशी आलेली होती, पंखा थांबला म्हणून कुरकुरत होती. आतून आवाज आला. खडक्. मग बराच वेळ काही नाही. मग खडक्, खडक्. आम्ही तिघं दारातून डोकावलो.

आईनं मोटरचा पट्टा उतरवून डब्यातला चामडी पट्टा चाकावर चढवला होता. नवा पाय पायडलवर होता. गुडघा काटकोनात. चेहरा नेहमीसारखाच, कोरा.

"अगोबाई, ता—" मावशीनं तोंड उघडलं. बाबांनी त्यात अख्खं बिस्कीट कोंबलं.

वीज आली. पंखा फिरला. आईनं पाय काढला.

"आली का वीज?"

"आली," मी म्हणालो, भिंतीकडे बघत.

"मग मोटर आहेच," म्हणून तिनं पट्टा परत डब्यात ठेवला आणि जाऊन पडली. मी मशीनमधली चिंधी काढून पाहिली. सुईत दोरा ओवलेलाच नव्हता. नुसती भोकं होती. पण रांग सरळ होती.

दुसऱ्या दिवशी मी मेन स्विच पाडला. आईनं खिडकीतून समोरच्यांचा फिरता पंखा पाहिला आणि पडल्या पडल्याच म्हणाली, "आपलाच मेन पडलाय रे." म्हणजे अख्ख्या गल्लीची जायला हवी. त्यानंतर वीज गेलेली नाही. महिनाअखेर जवळ आलीय. म्हणून पुढील अर्ज.

मा. अभियंता, वीज विभाग, यांस सविनय सादर.

आमच्या गल्लीचा वीजपुरवठा अलीकडे अखंड व सुरळीत चालू असल्याने अर्जदाराच्या मातोश्रींच्या प्रकृतीची गैरसोय होत आहे. तरी रोज दुपारी किमान एक तास संपूर्ण गल्लीची वीज घालवण्यात यावी. पूर्वसूचना देऊ नये, मातोश्रींना संशय येईल. रहिवाशांच्या तक्रारी आल्यास त्यांकडे दुर्लक्ष करावे. त्या कामी आपला अनुभव दांडगा आहे. वीज परत सोडण्याची घाई करू नये. सुईत दोरा ओवायचा बाकी आहे. कळावे.