निधनाचं पान

एलियम्माने कोंबडीच्या पिल्लांच्या खोक्यात हात घातला आणि आख्खंच्या आख्खं वर्तमानपत्र बाहेर ओढलं. त्याची घडीसुद्धा पुरती मोडलेली नव्हती. कोपऱ्यात एक पिल्लू पाय दोन दिशांना फाकून पडलं होतं. उठायला बघायचं आणि पुन्हा घसरायचं.

“इच्चाया! किती वेळा सांगायचं? फाडून घाला, फाडून! सपाट कागदावर पाय फाकतात त्यांचे.”

ओसरीवर खुर्चीत बसलेल्या पैलीने, तिच्या नवऱ्याने, मानही वर केली नाही.

“खाली कागद आहे ना? झालं तर मग.”

“झालं काय? ते पिल्लू अधू झालं की घ्या मांडीवर!”

ओणमच्या आधी पैलीला अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय सावरला, तोंड तर नको इतकं सावरलं, पण डावा हात तसाच मांडीवर पडून होता. व्यायाम करून घ्यायला येणारी ब्लेसी बजावून गेली होती, आत्ता हा हात वापरला नाही तर तो गेलाच म्हणून समजा. तिने दिलेला रबरी चेंडू याने फणसाच्या झाडामागे भिरकावला. कागद फाडायला सांगितलं तर म्हणाला, मी काय बालवाडीत बसलोय? शेवटी वैतागून एलियम्मा बाजारातून पिल्लंच घेऊन आली. कोंबड्यांचा वास तिला जन्मात सोसला नव्हता. पण पिल्लांना रोज कोरडा कागद लागतो, आणि या घरात रोज दोन वर्तमानपत्रं येतात. आता तरी हात हलवेल, असा तिचा हिशेब.

तिने जखमेच्या पट्टीचा तुकडा कापला, पिल्लाचे पाय जवळ आणून बांधले आणि ते खरंच पैलीच्या मांडीवर ठेवलं. पिल्लू तोंडावर पडलं, उठलं, पुन्हा पडलं. पैली बराच वेळ बघत राहिला.

“आण ते पेपर,” तो म्हणाला.

पण फाडणं म्हणजे तरी काय! सकाळी बसलेला माणूस दुपारी कंजी प्यायच्या वेळेपर्यंत खोक्याचा तळसुद्धा झाकू शकत नव्हता. एलियम्मा अंगणातून आत-बाहेर करताना धुसफुसत होती.

“एवढंच? पिल्लं ओल्यात बसलीत, इच्चाया!”

“निधनाचं पान आहे.”

“मग?”

“मग काय? फोटो आहेत माणसांचे. त्यांच्या तोंडावर पिल्लांना शिटू देऊ?”

“मग आख्खं पान बाजूला ठेवा ना!”

“रोज दोन-दोन पानं असतात. बाजूला काढून उरतं काय, एली?”

तिने कपाळावर हात मारला. हा माणूस जिवंत बायकोचं ऐकायचा नाही, आणि मेलेल्यांची मात्र केवढी बडदास्त!

रविवारी चर्चमधून आल्यावर ती सुईदोरा शोधत होती, तेव्हा बिस्किटांचा जुना डबा हाती लागला. आत नुसते पेपरातले चेहरे. तिने वैतागून तो पलंगावर पालथा केला. तळाचे चेहरे वर आले. एका म्हाताऱ्याला कानच नव्हता. एका बाईची हनुवटी गेली होती. त्यांच्या खालचे जरा बरे होते. आणि शेवटचे, म्हणजे कालपरवाचे, चारी बाजूंनी सरळ. एका आजीच्या डोक्यावरच्या पदराची जाळीसुद्धा शाबूत होती.

कात्री लावली असणार, असं वाटून तिने कडेवरून बोट फिरवलं. बोटाला कागदाचे तंतू लागले. फाडलेलंच होतं.

ती दाराशी गेली. ओसरीवर पैलीने पान मांडीवर उजव्या हाताने दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताची चिमूट इंच-इंच खाली सरकत होती. पट्टी सुटलेलं पिल्लू त्याच्या पायाशी धावत होतं. एलियम्माच्या ओठांवर ‘शाब्बास’ आलं. पण चांगलं म्हणायची सोय नव्हती. कौतुक केलं की हा पठ्ठ्या हातातलं टाकून देणार, हे तिला लग्नापासून ठाऊक.

“आटपा की!” ती ओरडली. “खोकं वास मारतंय!”

“थांब गं. अजून तिघं राहिलेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर टाकणाऱ्याला तिने फाटकातच अडवलं. आजपासून तिसराही टाकत जा, म्हणाली.

“कुठला टाकू, अम्मची?”

“ज्यात जास्त माणसं गेलेली असतात, तो.”