आधी शनिवारची बस

मी एक जुना पुट्ठा आहे. परीक्षेत कागदाखाली धरतात ना, वर लोखंडी चाप असलेला, तोच. मित्रांनो, माझा एक कोपरा फुगलाय, त्याला हसू नका. त्याचीही गोष्ट आहे.

इंदूरच्या कारखान्यात भुसा दाबून मला घडवलं आणि देवासच्या दुकानातून देवश्रीनं मला निवडलं. सातवीपासून दहावीपर्यंत मी तिच्या प्रत्येक पेपरला गेलो. गणित अडलं की ती माझ्यावर फुलं काढायची आणि सुटलं की मला थोपटायची! मग आरपार दिसणारं प्लास्टिकचं पॅड आलं आणि माझी रवानगी झाली माठावर, झाकण म्हणून. तिथेच हा कोपरा पाणी पिऊन फुगला.

तिथून मला उचललं बापूंनी, देवश्रीच्या आजोबांनी. त्यांना घराण्याची हकिकत लिहायची होती. नजर अधू, म्हणून ते सांगत आणि देवश्री लिहून घेई. तिची शाळा हिंदीची. मराठी लिहिताना ती अडखळायची आणि बापू मिश्यांत हसायचे. पण खरी कुरबुर वेगळीच होती. बापूंना सगळं क्रमानं हवं. आधी धारला आलेले मूळपुरुष, मग त्यांचे चिरंजीव, मग नातू. बापूंच्या एका चुलतआजोबांचं लग्न कुठे झालं ते कळेना, तर हकिकत तीन महिने तिथेच अडून बसली. देवश्रीचं अगदी उलट. ती गोष्टी रचायची, त्यांचा शेवट आधी तयार, सुरुवात सगळ्यात शेवटी!

आणि बापूंच्या मनात होत्या त्या प्रमोदिनीआजी, त्यांच्या पत्नी. आजी सरदारपूरच्या शाळेत शिकवायच्या, दर शनिवारी देवासला यायच्या आणि बापू थर्मासमध्ये चहा घेऊन बसस्टँडवर उभे राहायचे. आजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. हकिकतीत त्यांचा नंबर यायला अजून दोन पिढ्या बाकी होत्या.

एके दिवशी बापूंनी अचानक विचारलं, बसमधून उतरताना तिच्या हातात काय असायचं? देवश्रीला कसं ठाऊक असणार, तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. बापू बराच वेळ माझा चाप उघडत राहिले, मिटत राहिले. आत एकही कागद नव्हता.

देवश्री हळूच म्हणाली, "बापू, आजीचं पहिले लिहू ना."

"पंगतीत मधलं माणूस सोडून वाढतात का गं?"

"ज्याला बस पकडायचीये त्याला तर आधीच वाढतात. सोनकच्छचे मामा आले की तुम्हीच म्हणता, यांना पहिले वाढा."

बापूंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "लिही," ते म्हणाले. "शनिवार. बस उशिरा."

सांगता सांगता बापूंना आठवलं. हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असायचा! उतरल्या उतरल्या गठ्ठा बापूंकडे, चहा आजींकडे. त्या दिवशी माझ्या चापात चार पानं आली.

आता बापू नावं विसरतात. मूळपुरुषांनासुद्धा विसरले. चुलतआजोबांचं लग्न अजून सापडलेलं नाही. त्यांच्या जागी देवश्रीनं एक कोरा कागद लावलाय आणि मी तोही घट्ट धरून आहे. पण शनिवारी तिनं ती चार पानं वाचून दाखवली, की बापू उठतात आणि थर्मास शोधू लागतात.

मित्रांनो, जे माणूस तुमच्या मनात केव्हाचं उभं आहे, त्याला आधी लिहा. बाकीच्यांसाठी कोरे कागद लावून ठेवा, आम्ही सांभाळू. आणि हो, पुट्ठा माठावर ठेवू नका.