सावलीला बसलेले खलाशी

केळीवाल्याच्या घरात वाऱ्यावर जीव लावणारा पोरगा निपजावा, ही देवाची थट्टाच म्हणायची. पहूरच्या अलीकडच्या मळ्यांत कुणालाही विचारा. मे महिन्यात एक वादळ येतं आणि घडाला आलेली बाग अर्ध्या तासात आडवी करून जातं. त्यामुळे तिथं वारा सुटला की माणूस आधी शिवी हासडतो, मग खिडकी लावतो. आणि सुकलाल आबांचा एकुलता एक जितेंद्र त्याच वाऱ्यावर पोट भरायचं म्हणत होता.

सात वर्षं तो मुंबईला एका क्लबात होता. श्रीमंतांच्या शिडाच्या होड्या धुता धुता त्या होड्या मालकांपेक्षा झकास चालवायला शिकला, आणि दोन वर्षांपूर्वी ट्रकवर एक जुनी, ठिगळं लावलेली होडी टाकून गावी आला. धरणाच्या पाण्यावर त्यानं पोरांना शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी अकरा, त्यातल्या चौघांना पाण्याची भीती. आबा गावात त्याचं नावच काढत नसत. कुणी विचारलंच तर "तो धरणावर असतो" एवढं सांगून विषय कापसावर नेत.

एप्रिलात धरणावर जलमहोत्सव ठरला आणि त्यात शिडाच्या होड्यांची शर्यत आली. होड्या किती? दोन. एक जितेंद्रची, दुसरी धुळ्याच्या हितेंद्रची. म्हणजे दुसरा नंबर काही केल्या चुकणार नव्हता. आबांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "धुळेवाल्याच्या मागं राहिला तं होडी माझी. मळ्यात नेईन, ढोरं पाणी पेतीन तिच्यात. अन् तू गुमान केळी पाहायची."

"आणि पुढं आलो तर?"

"तं मी पुन्हा बोलनार नाही."

जितेंद्रनं हो म्हटलं. होडी गेली तर त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं.

घोळ झाला तो शर्यतीच्या आदल्या दिवशी. होडीत तीन माणसं लागतात. जितेंद्रनं तयार केलेली दोन्ही पोरं नेमकी पोलीस भरतीच्या परीक्षेला निघून गेली. तो डोक्याला हात लावून बसला, तेव्हा आबाच म्हणाले, "मी येतो. नाहीतं जन्मभर म्हनशील, मानसं नव्हती म्हनून हारलो. ते कारनच ठेवायचं नाही." आबांची थोरली बहीण बेबाबाई म्हणाली की हा बुडाला तर भावजयीला तोंड कोण दाखवणार, म्हणून मीही येते. आबांनी उभ्या जन्मात विहिरीपेक्षा मोठं पाणी जवळून पाहिलं नव्हतं. आत्याला पाण्यापेक्षा लाइफ जॅकेटचा जास्त राग होता, ते लुगड्यावर नीट बसत नव्हतं.

दुपारी चारला शर्यत सुटली. ऊन त्रेचाळीस अंश, वारा पश्चिमेचा. समोर उत्तरेला पाण्यात एक नारिंगी पिंप सोडलेलं. त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं, बस्स.

आता शिडाच्या होडीत माणसानं वारा येतो त्या अंगाला बसायचं असतं, नाहीतर होडी कलंडते. पण वारा येत होता पश्चिमेकडून आणि सूर्यही तिकडंच. शिडाची गार सावली पडली होती दुसऱ्या अंगाला. खानदेशातला माणूस चैत्रात सावली सोडून उन्हात बसेल का? दोघं बहीणभाऊ मस्तपैकी सावलीला बसले. होडी एका कुशीवर आली आणि पाणी काठाला लागलं.

"आत्या, इकडं सरका, या बाजूला!"

"तिकडं ऊन हाये."

"अहो, वाऱ्याकडंच बसायचं असतं."

"अन् मले चक्कर आली तं?" आत्यानं पदर सावरला आणि आणखी ऐसपैस बसली.

जितेंद्र एकटा उन्हाकडं लोंबकळून होडी सावरत होता. हितेंद्र पन्नास हात पुढं गेला होता. पिंपाशी वळताना शीड या बाजूचं त्या बाजूला आलं, तशी सावलीही गेली. लगेच दोघं उठून तिच्या मागोमाग निघाले. त्यांना मागं ओढायला जितेंद्र उभा राहिला. आत्या पिशवी उचलायला खाली वाकली, आबा वाकलेलेच होते. शिडाचा आडवा दांडा फिरत आला तो फक्त जितेंद्रला लागला, आणि कप्तानसाहेब पाण्यात गेले.

"दोर सोडा! थांबा!" तो गटांगळ्या खात ओरडला. बचावाची मोटरबोट त्याच्याकडं निघाली.

आबांना आता काहीच करायचं नव्हतं. हात बांधून बसले असते तरी पैज त्यांचीच होती. पण पुढच्या होडीतून धुळ्याचा एक पोरगा दात काढत म्हणाला, "आबा, धक्का मारू का?"

आबांनी सुकाणू धरलं. आधी डावीकडं ओढलं तर होडी उजवीकडं निघाली. "ट्रॅक्टरच्या उलटं हाये म्हना की," ते पुटपुटले आणि होडी सरळ केली. दुसऱ्या हातानं शिडाचा दोर ओढला. होडी परत कलायला लागली, तेव्हा आत्या आपणहून उठली आणि उन्हाकडच्या काठावर वाऱ्याला पाठ देऊन बसली. चाळीस वर्षं तिनं खळ्यावर ज्वारी उफणली होती. वारा पाठीला लागला की तिला पुढचं सगळं कळत होतं.

"आला," ती म्हणाली. आबांनी दोर ढिला सोडला. "गेला." आबांनी ओढला. "थांब, मोठा येऊ राहिला. आता!"

मोटरबोटीत टॉवेल गुंडाळून बसलेला जितेंद्र पाहतच राहिला. त्या मोठ्या झोतात हितेंद्रची होडी इतकी कलंडली की त्याला शिडाचा दोर सोडून द्यावा लागला, आणि ठिगळांची होडी त्याच्या शेजारून निघून गेली. दोन्ही म्हातारे चक्क उन्हात बसलेले होते. जितेंद्रला रडू आलं. तोंड ओलंच होतं म्हणून बरं.

काठावर पंचांनी निकाल दिला. निघताना होते तेवढे सगळे परत येताना होडीत पाहिजेत, हा नियम. धुळे विजयी. आबा पंचांना म्हणाले, "एक मानूस कमी असून पुढं आलो, तं खरं म्हंजे डबल नंबर द्या." पंचांनी पाणी प्यायला दिलं.

जितेंद्र होडीजवळ आला. "हरलो, आबा. होडी तुमची."

"माझीच हाये." आबा आपला सोललेला तळहात पाहत होते. "दोरानं हात कापतो रे. याचे मोजे भेटतात का?"

"भेटतात."

"दोन जोड आन. अक्काले पन लागतीन." मग त्यांनी पिंपाकडं बोट केलं. "धुळेवाला तिथून अगदी चिकटून वळला. आपन लांबून गेलो. ते कसं करतात?"

इतक्या वर्षांत आबांनी त्याच्या कामातलं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. जितेंद्र आधी टॉवेलानं तोंड पुसायला लागला.

"सांग ना लवकर," आबा म्हणाले. "मालक विचारू राहिला."