टोळाचा डावा कान

मंगळवारी सकाळी टोळ हॉटेलच्या खोलीत उठला, तेव्हा त्याचा डावा कान बंद होता. पाण्यात बुडी मारल्यावर होतो तसा. त्याने जांभई दिली, नाक दाबून फुंकून पाहिलं, मान वाकडी करून एका पायावर उड्या मारल्या. कान उघडला नाही. आत एक बारीक शिटी मात्र चालू होती.

टोळ हे बँडने पाडलेलं नाव. हातपाय इतके लांब की ड्रमसेटमागे बसला की गुडघे वर यायचे. गाणारी त्याची सख्खी थोरली बहीण. सगळा बँड तिला ताईच म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठा असलेला गिटारवालासुद्धा. त्या उन्हाळ्यात त्यांच्या नावावर मैदानं भरत होती. संध्याकाळी कार्यक्रम, मग बस, आणि सकाळी ज्या शहरात असतील तिथल्या स्टुडिओत नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग. उन्हाळा संपायच्या आत अल्बम देतो, असं मॅनेजरने सगळ्यांच्या वतीने कबूल करून टाकलं होतं.

टोळाने फोनवर शोधलं. अचानक गेलेल्या कानावर पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर तो परत येऊ शकतो. उशीर झाला तर सहसा येत नाही. त्याने फोन उलटा ठेवला. सर्दी असेल, असं स्वतःला सांगितलं. सर्दी झालेली नव्हती.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. हा बँड आकडे मोजून गाणं सुरू करत नसे. ताई श्वास घ्यायची, तो माइकमधून टोळाच्या डाव्या कानातल्या इअरफोनमध्ये यायचा आणि त्यावर टोळ पहिला ठोका टाकायचा. लहानपणी घरातल्या पत्र्याच्या डब्यांवर वाजवताना लागलेली सवय. तिचा आवाज उजव्या कानात द्या, एवढं साउंडवाल्याला सांगितलं असतं तर भागलं असतं. पण त्याने कारण विचारलं असतं. म्हणून टोळ तिच्या खांद्यांवर नजर ठेवून बसला. खांदे वर गेले की ठोका. तिसऱ्या गाण्याला ती गर्दीकडे चालत गेली, दिव्यांच्या झोतात खांदे दिसेनात, आणि त्याचा ठोका किंचित मागे पडला. गर्दीला कळलं नाही. ताईने मात्र वळून पाहिलं.

"झोपला होतास की काय?" बसमध्ये तिने विचारलं.

"तुझं गाणं ऐकून कुणालाही डोळा लागेल."

सगळे हसले. टोळ डावीकडच्या सीटवर, खिडकीला डावा कान लावून बसला होता, कुणी त्या बाजूने बोलू नये म्हणून. बुधवारी वाजवताना मैदान तिरकं झाल्यासारखं वाटलं. त्याने काठ्या घट्ट धरल्या आणि डोळे बासरीच्या भोकाएवढ्या एका दिव्यावर रोखले. बाकी सगळं फिरत होतं.

गुरुवारी सकाळी स्टुडिओत एक संथ गाणं होतं. ताई काचेच्या वेगळ्या खोलीत, टोळ मोठ्या खोलीत, मऊ ब्रशने वाजवत. रेकॉर्डिंगच्या वेळी ताल सुटू नये म्हणून वादकाच्या हेडफोनमध्ये टिकटिक चालू ठेवतात. ती फक्त त्यालाच ऐकू यायची असते.

गाणं संपल्यावर रेकॉर्डिस्टने सगळ्यांना आत बोलावलं. शेवटच्या ओळीनंतर जिथे शांतता हवी होती, तिथे स्पीकरमधून स्वच्छ टिक, टिक, टिक येत होतं.

"ही गळती डावीकडच्या माइकमध्येच आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याने टोळाचा हेडफोन आणून कानाला लावला आणि लगेच ओढून काढला. "अरे माणसा! डावी बाजू एवढी वाढवून ठेवलीस? याने मढंसुद्धा उठून बसेल."

"टिकटिक नीट येत नव्हती," टोळ म्हणाला. कान कदाचित नुसता झोपलाय, मोठ्याने हाक मारली तर जागा होईल, हे त्याने सांगितलं नाही.

ताईने हेडफोन घेतला, ऐकला, खाली ठेवला. ती टोळाच्या खुर्चीमागून त्याच्या डावीकडे गेली. टोळ स्पीकरकडेच बघत राहिला. मग त्याला समोर रेकॉर्डिस्टचा चेहरा उतरलेला दिसला आणि तो दचकून वळला. ताईचे ओठ नुकतेच मिटले होते.

"काही म्हणालीस?"

"दोनदा," ती म्हणाली. "कधीपासून?"

"परवापासून. ताई, आजचं वाजवून घेतो, उद्या जाऊ. मैदान भरलंय गं."

"भरू दे."

मॅनेजर दारात उभा होता. "डॉक्टरांनाच मैदानावर बोलावू. हातांनी वाजवायचंय, कानांनी थोडंच?"

"तुमचे दोन्ही शाबूत आहेत ना?" ताई म्हणाली. "मग ऐका. आज कार्यक्रम नाही."

दवाखान्यातली तपासणीची खोली कपाटाएवढी होती, भिंतींना स्पंज. टोळाच्या हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासनीस बाई मान खाली घालून बसल्या, त्यांच्यामागे ताई. उजवा कान झटपट झाला. मग डावा.

सुरुवातीला एक जाड, खालचा सूर लांबून आल्यासारखा वाटला. त्याने दाबलं. पुन्हा. पुन्हा. सूर ठरावीक अंतराने येत होते, आणि अंतर मोजण्यावर तर त्याचं पोट चालत होतं. सूर बारीक होत गेले, पण त्याचा अंगठा चुकला नाही. दाब, थांब, दाब, थांब. ताईचा चेहरा सैलावलेला त्याने पाहिला आणि त्यालाही हायसं वाटलं.

बाईंनी दार उघडलं.

"तुम्ही वाजवता का हो काही?"

"ड्रम्स."

"तरीच. शेवटी बऱ्याचदा तुम्ही बटण अगदी तालात दाबलंत. तेव्हा मी काहीच वाजवत नव्हते."

टोळाने हातातल्या बटणाकडे पाहिलं. आपण फसवत होतो हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

"उपचार लगेच सुरू करायचे आहेत," बाई म्हणाल्या. "पण किती गेलंय ते कळायला हवं. आता अंतर मी वाटेल तसं ठेवीन. मोजू नका. ऐकू आलं तरच."

दार बंद झालं. त्याने बटण हातात धरलं, अंगठा वर उचलून. मोजायचं नाही. काचेपलीकडे ताई तोंडावर हात ठेवून उभी होती. शिटी चालू होती, बाकी काही नव्हतं. बाईंचा हात हलला की नाही, ते त्याने पाहिलं नाही. डोळे मिटले आणि वाट पाहिली.